डबल सवारी

हैदराबादच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला वाटतं रस्ता आपल्या बापाचा आहे, आणि सायकलवाल्याला वाटतं सासऱ्यानं तो आपल्याला हुंड्यात दिलाय. खोटं वाटत असेल तर सकाळी कचेरीच्या वेळेला नारायणगुड्याच्या चौकात उभं राहून बघावं. सायकलींचा लोंढा घंट्या बडवत येतो, आणि त्याच्या मधोमध एखादा माणूस दातात काडी घालून अंगणात फिरल्यासारखा चालत असतो. घंटी वाजली की तो मागे वळून बघतो, पण सरकत नाही. सायकलवाला शिव्या देतो, पण ब्रेक लावत नाही. मला दोघांचीही कधी दया आली नाही.

माझा नवरा सायकलवाला होता. नाव दौलत. हे नाव मी उखाण्याशिवाय घेते, कारण या गोष्टीत त्याला फार मान द्यावा असं काही नाही. सगळ्या शहरात तो एकटाच असा सायकलवाला होता, जो पायी चालणारा माणूस दिसला की खाली उतरायचा. सगळ्यांसाठी नाही हो. एकाच माणसासाठी.

त्या माणसाचं नाव एकनाथराव पाटील. परभणीकडचं आमचं एकच गाव. तो वेशीच्या आतला, आम्ही बाहेरचे. पोलीस ॲक्शन झाल्यावर तो हैदराबादला आला, सुलतान बाजारात कापडाचं दुकान टाकलं आणि हिमायतनगरला बिऱ्हाड केलं. गावची जमीन बटईनं लावलेली, त्यामुळे पाटीलकी तेवढी बरोबर आणायला त्याला वेळ मिळाला. मी एकदाच त्याच्या दुकानात गेले होते. त्यानं खणाचा तुकडा माझ्या हातात न देता वरून सोडला. शेजारी उभ्या असलेल्या तेलुगू बाईला मात्र हाताला हात लागेपर्यंत पातळं दाखवत होता. तिची जात त्याला ठाऊक नव्हती, आमची होती. एवढाच त्याचा धर्म.

गावातला रिवाज असा, की आमच्या माणसानं पाटलासमोरून सायकलवर बसून जायचं नाही. पाटील दिसला की उतरायचं, सायकल हातात धरायची, आणि पाटील दुसऱ्या वाटेला वळेपर्यंत त्याच्या मागे मागे चालायचं. पुढे तर जायचंच नाही. गावात सायकली दोनच होत्या, म्हणून त्या रिवाजाला फारसं काम नसायचं. हैदराबादेत त्याला रोजची नोकरी मिळाली.

मला हे कळलं शेजारच्या सत्यवतीकडून. आम्ही चिक्कडपल्लीत राहायचो. ती समोरच्याच खोलीत. एक दिवस नळावर मला म्हणाली, "तुमच्या माणसाची सायकल रोज पाडयिंदा? बिघडते? रोज हातात धरून चालतो. एक म्हातारा पुढे, हा मागे."

सायकल बिघडलेली नव्हती. संध्याकाळी मी दौलतला समोर बसवून विचारलं. आधी त्यानं टायरची हवा सांगितली, मग साखळी सांगितली, मग खरं सांगितलं.

याच माणसानं दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. पांढरा सदरा, पांढरं धोतर नेसून घरी आला आणि आल्या आल्या देव्हारा रिकामा केला. खंडोबा गेला, मरीआई गेली. मी स्वतः पदर खोचून मदत केली. तेहतीस कोटी देव एका संध्याकाळी गेले, आणि दुसऱ्या सकाळी हा एकनाथरावाला बघून सायकलवरून उतरला.

"आवं, पण उतरता कशापायी?" मी विचारलं.

"पाय आपोआप खाली येतो गं इमल."

"पाय तुमचा हाय का त्येचा?"

भ्यायलाही काही कारण लागतं की नाही? गावात आमचं कुणी उरलं नव्हतं. सासू-सासरे गेले, घराची भिंत पडली. एकनाथराव आमचं काय वाकडं करणार होता? खण वरून सोडणार, अजून काय? मी म्हटलं, काचीगुड्याच्या अंगानं जात जा. दोन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी एकनाथरावानं त्याला बाजारात गाठून विचारलं, "काय दौल्या, दिसंना झालास? वाट बदलली का काय?" झालं. चौथ्या दिवशी स्वारी पुन्हा जुन्या रस्त्यावर. असल्या माणसाला काय म्हणावं? मी बरंच काही म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता हे नुसतं लाजेचं प्रकरण असतं तर मी नवऱ्याला टोमणे मारून भागवलं असतं. पण त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. कचेऱ्यांमध्ये माणसांची वाटणी सुरू झाली. कोण इथे राहणार, कोण मुंबई राज्यात जाणार. एकनाथराव दुकानात पेढे वाटत होता. "आता आपलं राज्य आलं," म्हणत होता. आपलं म्हणजे नेमकं कुणाचं, ते त्याला कुणी विचारलं नाही.

दौलत एका सरकारी कचेरीत अटेंडर, म्हणजे शिपाई होता. त्याचे साहेब कादरसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण घड्याळाचा पक्का. सायकल असून दौलत रोज उशिरा यायचा. येणारच, एकनाथराव वाटेत पान खायचा, ओळखीचा भेटला की गावाकडच्या पावसापाण्याची चौकशी करायचा, आणि हा मागे सायकल धरून उभा. शेवटी कादरसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "देको दौलत, इधर टैम पे आनेवाले लोगाँ होना मेरेकू. अब के देर हुई तो तुमारा नाम उधर भेज देतूँ. मराठी आदमी, मराठी मुलुक. तुमकू बी अच्छाच है ना?"

उधर म्हणजे आमचाच तालुका. जिथून आम्ही दात ओठ खाऊन निघालो तिथंच. आमची सखू चिक्कडपल्लीच्या शाळेत पहिल्या बाकावर बसायची, कारण तिला फळा नीट दिसायचा नाही. तालुक्याच्या शाळेत तिला कुठं बसवतील, ते मला माहीत होतं. मी त्या शाळेच्या पायरीवर बसूनच दोन इयत्ता शिकले होते. आणि हे सगळं कशामुळे होणार होतं? तर एका कापडवाल्याला चालायची घाई नव्हती आणि माझ्या नवऱ्याचा पाय आपोआप खाली येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहून दौलतचं सायकलवर चढणं-उतरणं बघितलं. रोज बघायचे, पण नीट कधी बघितलं नव्हतं. उतरताना तो उजवा पाय मागे टाकायचा, कॅरियरवरून फिरवून आणायचा आणि मग खाली. पुढच्या दांड्यावरून पाय काढणं त्याला जमत नसे. त्याच्या धोतराला ते मानवायचं नाही. म्हणजे कॅरियरवर कुणी बसलेलं असेल तर हा माणूस धड उतरूच शकत नाही.

तो चढून एक पाय टेकून निघायच्या बेतात होता, तेवढ्यात मी पिशवी उचलली, पदर कमरेला आवळला आणि कॅरियरवर बसले.

"अगं, काय हे?"

"बाजारात यायचंय मला."

"डबल सवारीला बंदी हाय. पोलीस धरंल."

"धरू द्या. पोलिसाला तरी पगार मिळतो धरायचा."

सगळी गल्ली बघत होती. सत्यवतीनं तोंडाला पदर लावला. त्या काळी बाईमाणसानं नवऱ्याच्या मागे सायकलवर बसून जाणं म्हणजे घरातली तांब्याभांडी रस्त्यावर मांडण्यासारखं. मांडली की मांडली. दौलतनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सूर्याकडे बघितलं, आणि पायडल मारला.

हिमायतनगरची वाट जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथं एकनाथराव होताच. रस्त्याच्या मधोमध. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला टोपी, हातात छत्री, आणि पाठ आमच्याकडे. बाजूला चालायला भरपूर जागा होती. पण बाजूनं चालायला तो काय आमच्यासारखा होता?

दौलतनं घंटी वाजवली. आमच्या सायकलची घंटी नीट वाजायची नाही, घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखी खरखरायची. एकनाथराव ती ओळखून होता. त्यानं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. उलट चाल थोडी हळू केली, म्हणजे दौलतला उतरून मागे लागायला बरं.

"उतर," दौलत मला म्हणाला. "इमल, उतर गं, मला उतरायचंय."

"मी न्हाई उतरत."

"अगं पाटील हायेत!"

"दिसतंय मला. तेवढे मोठे हायेत."

त्याचा पाय मागे आला आणि माझ्या गुडघ्याला लागला. परत पुढे गेला. सायकल डगमगली, पण थांबली नाही. हा ब्रेक लावायचं विसरला, कारण इतके दिवस एकनाथरावासमोर त्याला ब्रेकची गरजच पडली नव्हती. उतरूनच सायकल थांबायची. पुढचं चाक एकनाथरावाच्या धोतराच्या सोग्यात गेलं आणि पाटील केळीवाल्याच्या गाड्याखालच्या सालींत जाऊन बसले. बसले म्हणजे अगदी व्यवस्थित, मांडी घालून.

लागलं काही नव्हतं. टोपी गेली, छत्री उघडली. पण हैदराबादी गर्दीला रक्त लागत नाही, आवाज पुरतो. बघता बघता कोंडाळं झालं.

"क्या हुआ? मारे क्या?"

"सैकल वालाच मारा हुईंगा. सैकल वाले अंधे होते."

नियम तोच. चालणारा आणि सायकलवाला भिडले की चूक सायकलवाल्याची. दौलत एक पाय टेकून सायकलवरच अडकला होता, मी अजून मागे. एकनाथराव सालींतून उठला आणि ओरडला, "ह्येनं उतरायला पायजे होतं! मला बघून उतरायला पायजे होतं!"

केळीवाल्यानं विचारलं, "काइकू उतरना?"

"काइकू म्हणजे? मैं पाटील है! हमारे गाँव में ये लोग उतरते!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "अजी माफ करना, आपकी सवारी निकली सो हमकू मालूमच नै था!" आणि सगळे हसले. केळीवाला तर गाड्याला धरून हसला. एकनाथरावानं गर्दीत एक तरी चेहरा शोधला ज्याला हे कळेल, आणि असा चेहरा एकच होता, माझ्या नवऱ्याचा. मला त्या क्षणी एकनाथरावापेक्षा त्या चेहऱ्याचाच जास्त संताप आला.

तेवढ्यात पोलीस आला. त्यानं आधी मला बघितलं, मग कॅरियरला. "डबल सवारी मना है, मालूम नै? उतरो अम्मा."

मी उतरले. कायद्यासाठी उतरायला मला कमीपणा वाटत नाही. तो सगळ्यांनाच उतरवतो. पोलिसानं दौलतला दम दिला, पहिली वेळ म्हणून सोडलं, आणि एकनाथरावाला म्हणाला, "और बाबा, बाजू से चलो. रोड है ये, आँगन नै."

गर्दी पांगली. एकनाथरावानं टोपी झटकली, डोक्यावर ठेवली, आणि पुन्हा रस्त्याच्या मधोमध चालायला लागला. आणि मी सांगते, माझ्या डोळ्यांनी बघितलं, दौलतनं सायकल हातात धरून त्याच्या मागे एक पाऊल टाकलं.

"बसा," मी म्हटलं.

तो थांबला.

"बसा म्हणते ना. सखूला पायरीवर बसवायचं असंल तर जा त्येच्या मागं चालत. नसंल तर बसा."

मी रस्त्यात, चारचौघांत, नवऱ्यावर ओरडले. त्यानं माझ्याकडे बघितलं. पाय मागे टाकला, कॅरियरवरून फिरवला, आणि चढला. एकनाथरावाच्या अगदी बाजूनं गेला. जाताना त्यानं घंटी वाजवली. रस्ता मोकळा होता, काही गरज नव्हती. नवऱ्याबद्दल मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

तो वेळेत पोचला. कादरसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि नुसतं "हौ" म्हटलं. त्यानंतर दौलतचा पाय कधी खाली आला नाही, आणि पुढे वाटणी झाली तेव्हा आम्ही हैदराबादेतच राहिलो. सखू चिक्कडपल्लीतच मॅट्रिक झाली. पण त्या सकाळचं थोडं सांगायचं राहिलंय.

मला खरं तर घरी परतायचं होतं. पण मी बाजाराचा रस्ता धरला आणि झपझप चालत एकनाथरावाच्या पुढे गेले. सुलतान बाजाराच्या तोंडाशी एक बैलगाडी कापडाचे गठ्ठे उतरवत आडवी उभी होती. दुसऱ्या बाजूला भाजीवाल्या बसलेल्या. मधून एका माणसापुरती वाट, आणि त्या वाटेत मी. मी मेथीवालीपुढं थांबले.

एकनाथराव मागे येऊन उभा राहिला. थोडं अंग चोरून, मला घासून तो सहज गेला असता. बाजारात सगळे तसेच जातात. पण मला घासून कसा जाईल? त्यानं धोतर गोळा केलं, पुन्हा सोडलं. त्याच्या मागे माणसं साचली. "चलो जी, चलो ना," असं ढोसायला लागली. मी एक जुडी उचलली, हुंगली, परत ठेवली. दुसरी उचलली.

"ए..." एकनाथराव म्हणाला, आणि आजूबाजूला बघून थांबला. मगाचं हसणं त्याच्या कानात असणार. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, जरा वाट द्या."

"घंटी वाजवा," मी मागे न बघता म्हटलं, आणि मेथी निवडत राहिले.