आसरांची जागा

लग्न झाल्यापासून सहादेव आणि चांगुणा थोरल्या भावाच्या पडवीत राहत होते; पोरंही तिथंच झाली. बहात्तरच्या दुष्काळात पारनेरजवळ गावाबाहेर जागा मिळाली, तेव्हा सहादेवाचे पाय जमिनीवर ठरेनात. जागेच्या मधोमध शेंदूर फासलेले सात दगड होते. साती आसरा! देवींच्या जागेवर घर बांधायचं म्हणजे काय चेष्टा? सहादेवानं सगळं रीतसर केलं. खणानारळानं ओटी भरली, हिरव्या बांगड्या वाहिल्या, माफी मागून दगड कोपऱ्यात मांडले. गावानं वाहवा केली. आसरा म्हणजे पाण्याच्या देवता. त्या ह्या कोरड्या माळावर कशाला बसल्या होत्या, हे मात्र एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

वास्तुशांतीला शेजारची म्हातारी दगडाबाई आली. जेवून उठताना तिनं सहादेवाला बाजूला घेतलं.

"लेकरा, आसरा हलवल्यास, पन हिरीचं काय केलंस? माझ्या सासऱ्यानं बुजवली हुती. काट्याकुट्या, गाळ, हाताला लागंल ते टाकलं. तुज्या मधल्या खोलीखालीच हाय ती."

सहादेवानं वळून घरात पाहिलं. आत चांगुणा भिंतीवरनं हात फिरवत बायकांना सांगत होती, "आता कुनाचं ऐकून घ्यायचं न्हाई. माजं घर हाय हे." तो चेहरा बघून त्याची जीभ रेटेना. उद्या सांगू, म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

पुढच्या पावसाळ्यात रानातल्या विहिरी भरल्या आणि मधल्या खोलीत भेग पडली. चांगुणानं ती शेणामातीनं लिंपली. ती पुन्हा उकलली, आधीपेक्षा रुंद.

"नवी जमीन हाय, बसती," सहादेव म्हणाला.

कांडताना खालून पोकळ आवाज येतो, असं ती म्हणाली तेव्हा तो तिच्यावरच खेकसला. स्वतः मात्र त्या खोलीतून भिंतीच्या कडेकडेनं जाऊ लागला. भित्रा मेला!

एका सकाळी चांगुणा मधल्या खोलीत दळत होती. पोरं अंगणात होती. दाराशी बसलेल्या सहादेवाला जात्याच्या घरघरीखाली दुसराच आवाज ऐकू आला, ओली माती सुटल्याचा.

"ऊठ! खाली हीर हाय!"

त्यानं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. मागं जातं, पीठ आणि अर्धी भिंत एकदम खाली गेली. कितीतरी वेळ आत पाणी हिंदकळत राहिलं.

चांगुणानं तोंडावरची माती पदरानं पुसली. ती रडली नाही, ओरडली नाही.

"तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली. "आन् मी रोज तितंच बसत हुते."

तिनं पोरांचे हात धरले आणि ती वाटेला लागली.