मोरपंखीचा भांग

सासऱ्यांनी लेकीच्या नव्या घरापुढे स्वतःच्या हातांनी लावलेली मोरपंखी आता चांगली पुरुषभर उंच झाली होती. पंख्यासारखी तिची चपटी पानं बाराही महिने हिरवी असत. रस्त्यावरच्या नजरा स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोहोचू न देणं, हे तिचं मुख्य काम. शिवाय कोपऱ्यावरचा फुलवाला गुच्छांत खोचायला तिच्या डहाळ्या मागून नेई, आणि चिमण्या तिच्यात बसून यथेच्छ भांडत.

सासरे राहायला येणार म्हणून जावयाने तिला आकार द्यायचं ठरवलं. त्याचं स्वतःचं सलून होतं.

"माळी कशाला? मी रोज दुसरं काय करतो?"

डावी बाजू जड वाटली, ती त्याने हलकी केली. मग उजवी जड वाटू लागली. तो थांबला तेव्हा मधोमध तपकिरी काड्यांचं भगदाड पडलं होतं.

"अहो, हे काय करून ठेवलंत!" बायको दारातून ओरडली.

"वाढेल गं पंधरा दिवसांत."

"ते काय गिऱ्हाइकाचं डोकं आहे? काडीपर्यंत कापली की मोरपंखीला तिथे परत पालवी फुटत नाही. बाबांनी लावताना बजावलं होतं. तुम्ही तेव्हा खिडकीच्या काचेत मिशा बघत होतात!"

जावयाचा चेहरा उतरला. लग्नाची बोलणी करताना सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "हात चांगला आहे ना?" आज त्याच हाताची अब्रू जाणार होती.

त्याने पाणी फवारायची बाटली आणली, कंगवा आणला. वरच्या लांब फांद्या ओल्या केल्या, हळुवार विंचरल्या आणि भगदाडावरून पलीकडे नेऊन सुतळीने बांधल्या.

संध्याकाळी सासरे आले आणि फाटकातच थबकले. डाव्या कानावरचे केस टाळूवरून थेट उजव्या कानापर्यंत नेण्याची युक्ती त्यांना याच जावयाने शिकवली होती. ते झाडाकडे बराच वेळ पाहत राहिले.

तेवढ्यात वारा सुटला. सुतळी सुटली, फांद्या ताठ उभ्या राहिल्या; सासऱ्यांचे केसही.

सासऱ्यांनी एका हाताने स्वतःची टाळू झाकली, दुसऱ्याने फांद्या दाबून धरल्या.

"आपल्याला निदान वाऱ्याकडे तोंड फिरवता येतं, जावईबापू. हिला बिचारीला तेही नाही. गाठ जरा खाली मारा."

"हो, बाबा."

"आणि पोरीला सांगू नका."

"तिनेच आधी पाहिलं, बाबा."

"झाडाचं नव्हे हो," सासरे कुजबुजले, "माझं."