मी फिरले, आत्या घरीच

मी एक जुनी तपकिरी सूटकेस आहे, मित्रांनो. सूटकेस म्हटली की प्रवासाच्या बढाया आल्याच. मीही पुष्कळ मारल्या. आज मात्र बोलायची लाज वाटते.

मला विकत घेतलं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. घरात सगळे त्यांना आत्याच म्हणत, अगदी त्यांची वहिनीसुद्धा. "एकदा समुद्र बघून यायचं," असं त्या मशीनवर वाकून पुटपुटत. ऐकायला मी एकटीच.

पण घरात सूटकेस एकच. भाऊ कामाला निघाला की मी त्याच्याबरोबर, भाचा सहलीला निघाला की त्याच्याबरोबर. घरात पाय न ठरणाऱ्याला आपल्याकडे म्हणतात, पायाला भिंगरी आहे. भाऊ आपल्या मुलाबद्दल हे कौतुकाने सांगे, "पोराच्या पायाला भिंगरीच आहे हो!" आत्यांना कोणी तेच म्हटलं असतं, तर त्यात कौतुक नसतं. म्हणून समुद्राचं त्या कोणाला सांगत नसत. मी परतले की माझ्या कोपऱ्यांतली वाळू ब्रशने काढत आणि फेकण्याआधी बोटांत घोळवत बसत. आणि मी? मी आपली गर्वाने फुगून बसायची.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी गुपचूप समुद्राकडे जाणाऱ्या बसचं तिकीट काढलं. माझ्या झाकणाच्या कप्प्यात ठेवलं. घरच्यांना निघायच्या दिवशीच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

दोन दिवस उरले होते. आत्या गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेल्या आणि भाचा आला. "आई, आत्याची बॅग नेतो गं, चारच दिवस!"

"ने की. तिला कुठे जायचंय?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तिकीट आत आहे, हे मला ठाऊक होतं. कडी अडवता आली असती. जुन्या कड्या अडतातच. पण बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि मी पटकन उघडले, त्याचे कपडे घेतले, पटकन मिटले. मला जायचं होतं हो! भाचा नेहमी जायचा तो डोंगर मी चारदा पाहिला होता, तरी पाचव्यांदा जायचं होतं.

घरी आल्यावर मी नाही हे आत्यांना कळलंच असणार, पण त्यांनी भाच्याला फोन केला नाही. केला असता तर घरभर बोभाटा झाला असता.

परतल्यावर भाच्याने कप्प्यात सहज हात घातला. "आत्या, हे तिकीट कोणाचं? तारीख तर गेली."

"असेल कोणाचं तरी. टाकून दे," सुईत दोरा ओवत आत्या म्हणाल्या.

त्याने तिकिटावरचं नाव वाचलं. त्याचे कान लाल झाले. "तू समुद्र पाहिलाच नाहीस का गं?"

आत्या नुसत्या हसल्या. दोरा काही सुईत जाईना. पुढच्या आठवड्यात त्याने नवं तिकीट आणलं, तर म्हणाल्या, "आता राहू दे रे. मन उडालं." मन कसं उडतं ते मला कळत नाही, पण कोणी उडवलं ते कळतं.

मित्रांनो, कोणाची बॅग मागाल, तेव्हा आधी तिच्या मालकिणीचा काही बेत आहे का, ते विचारा. माझ्याच्याने एक कडी अडवली गेली नाही. तुम्हाला तर नुसतं तोंड उघडायचं आहे.