भिंतीवरची बायजाबाई

जनूच्या घरी भिंतीवर आईचा फोटो होता, आणि तो आईचा नाहीच, असं त्याची धाकटी बहीण अनिता कितीतरी वर्षं सांगत आली होती.

खरं म्हणजे बायजाबाईचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. पेणच्या खाडीकाठी मिठागरावर मीठ वाहणाऱ्या बाईचा फोटो कोण काढणार? ताप डोक्यात जाऊन ती गेली तेव्हा जनू दहा वर्षांचा होता, अनिता सहाची. पण त्याच्या आदल्याच हंगामात मिठागरावर एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. हिरोईन गाणं म्हणत पुढून जाते आणि मागून गावच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन रांगेनं चालतात, एवढाच तो प्रसंग. त्या रांगेत बायजाबाई होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पुढे अनिता लग्न होऊन रोह्याला आली. तिची मुलगी प्रतिक्षा कॉलेजात असताना तिला बाजारात त्या सिनेमाची सीडी सापडली. जनू खास पेणहून आला आणि दोघं बहीणभाऊ टीव्हीला नाक लावून बसले. बायका उभ्या होत्या तोवर जरा बरं दिसत होतं. चालायला लागल्या की चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे व्हायचे. आभाळ, मिठाच्या राशी, बायकांची लुगडी, सगळं एकाच राखाडी पाण्यात कालवल्यासारखं.

"ही तिसरी. ही आय," जनू म्हणाला.

अनिताला ती आई वाटेना. का वाटेना, तेही सांगता येईना. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होता तो फक्त कुशीतला खारट वास.

"तुला काय ठावं गो? तू एवढीशी व्हतीस," म्हणून जनूनं तिला गप्प केलं, आणि पेणच्या एका स्टुडिओतून त्या तिसरीचा फोटो मोठा करून घेतला. लांबून पाहिलं तर बाई, जवळ गेलं तर नुसते डाग. जनूनं त्याला चंदनाचा हार घातला. रोज सकाळी कामाला निघताना तो त्या डागांना हात जोडायचा.

अनिताच्या शेजारी वाजिदभाई राहायचे. कुवेतची नोकरी संपवून ते परत आले, ते जुन्या सिनेमांच्या डिस्कनी भरलेलं एक कपाट घेऊनच. यंदा त्यांचा पुतण्या तमीम दुबईहून आला, तेव्हा त्यानं आणलेल्या डिस्कमध्ये तो मिठागराचा सिनेमा निघाला. अनिताच्या आईची गोष्ट ठाऊक असलेले वाजिदभाई तसेच चपला अडकवून तिच्याकडे आले.

"अनिताताई, तुमचा सिनेमा नव्यानं आलाय. मूळच्या फिल्मवरनं साफ केलाय, एकदम चकाचक. तुमची ती सीडी विसरा. त्यात दोन्ही बाजूचं चित्र कापलेलं असायचं. तेव्हाचे टीव्ही चौकोनी, त्यात एवढा रुंद सिनेमा बसणार कसा?"

अनितानं लगेच जनूला फोन लावला.

"मला नाय बघायचा," तो म्हणाला. "माझी आय माझ्या घरात हाय."

अनिता समजली. इतकी वर्षं ज्या बाईला हात जोडले, ती दुसरीच निघाली तर? तिनं आग्रह केला नाही. पण रविवारी सकाळी जनू दारात हजर. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, जणू मुलगी बघायला आलाय.

वाजिदभाईंच्या घरी आमनाभाभींनी चहा केला. पडदे ओढले. भला मोठा टीव्ही लागला. मिठागर इतकं लखलखीत होतं की अनितानं डोळे बारीक केले. वाफ्यांतलं पाणी, त्यात पडलेलं आभाळ, लांबवर खाजणातल्या झाडांची हिरवी रेघ. सगळ्या चित्रावर बारीक वाळू थरथरल्यासारखं काहीतरी दिसत होतं.

"ती खराबी नाय," वाजिदभाई हळूच म्हणाले. "फिल्म अशीच असते. चांगल्या माणसानं साफ केली की तेवढं ठेवतो."

गाणं सुरू झालं. रांग आली. तिसरी बाई जवळ येताच वाजिदभाईंनी चित्र थांबवलं. नाकाजवळचा तीळसुद्धा दिसत होता.

जनूचा चहाचा कप वाटेतच थांबला. "ही तर हिराकाकी!"

"कोण हिराकाकी?" आमनाभाभींनी विचारलं.

"आमची शेजारीन. अरे देवा! ती जिवंत हाय! काल माझ्या दारावरनं बाजारात गेली. नि मी तिला हार घालून ठेवलीय!"

आमनाभाभींनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. अनिताही हसली. जनू मात्र उठून टीव्हीपाशी गेला. "जरा पुढं घ्या, वाजिदभाई."

चित्र पुढं सरकलं. रांगेच्या अगदी टोकाला, सीडीत कधी आलीच नव्हती त्या कडेला, एक बाई होती. हिरवंगार लुगडं, लाल काठ. बाकी सगळ्यांनी टोपली उजव्या हातानं धरली होती, हिनं डाव्या.

"ती बघ," जनूचा आवाज चिरकला. "डावखुरी. ती बघ गो, अने. आपली आय."

अनिता बघतच राहिली. इतकी लहान? तिच्या मनातली आई कायम आपल्यापेक्षा मोठी होती. अनिताचे स्वतःचे केस पिकले, तशी मनातली आईही म्हातारी होत गेली होती. आणि ही समोरची पोर तर प्रतिक्षापेक्षाही लहान दिसत होती. हिच्या अंगावरून हात फिरवावा, ऊन फार झालं, सावलीत बस म्हणावं, असं अनिताला वाटलं. तिचे डोळे भरून आले आणि एवढं स्वच्छ चित्र पुन्हा धुरकट झालं.

दुसऱ्या दिवशी ती जनूबरोबर गावी गेली. घरात पाऊल टाकताच जनूनं हार काढला, फोटो काखेत मारला आणि दोघं हिराकाकीच्या ओटीवर जाऊन बसले. म्हातारी वालाच्या शेंगा सोलत होती. जनू सांगताना अडखळत होता.

"मला ठावं व्हतं," हिराकाकी म्हणाली.

"ठावं व्हतं? मग बोललीस का नाय?"

"तुझ्या नातीच्या, वैशालीच्या बारशाला तुझ्या घरी आले, तवाच वळखला. माझी उभं राहायची ढब मी वळखणार नाय व्हय? पन तू हात जोडून उभा व्हतास, रं. आईवेगळा पोरगा. म्हटलं, राहू दे. हार घातला म्हणून मी काय मरत नाय."

जनूनं मान खाली घातली. अनितानं शेंगांनी भरलेलं सुपडं आपल्याकडं ओढलं आणि सोलता सोलता विचारलं, "काकी, आय टोकाला का गो व्हती?"

"टोकाला नाय तर काय! तिला सारखं हसू येत व्हतं. तो कॅमेऱ्यामागचा बाबा ओरडायचा, दमल्यासारखी तोंडं करा, रडवेली करा. नि बायजा म्हणायची, पायाच्या भेगांत मीठ गेलं की रडतेच की रोज. आज नवं लुगडं नेसून कशी रडू?" हिराकाकी स्वतःच हसायला लागली. "शेवटी त्यानं तिला पार कडेला नेऊन उभी केली."

"आनखी सांग," अनिता म्हणाली.

काकी सांगत राहिली. रोह्याला जाणारी दुपारची एस.टी. अनितानं सोडून दिली.