उधाणाला उघडलेलं दार

माझ्या पहिल्या कुमार-कादंबरीत एकूण अकरा चुका आहेत. समीक्षकांनी मात्र 'मराठीतली अद्भुताची उणीव भरून निघाली' असं लिहिलं, म्हणजे त्यांनी ती वाचली नव्हती. अकरा चुका मोजून कळवल्या त्या सगुणा नावाच्या नववीतल्या एका मुलीने.

मी तेव्हा वाशीला राहायचो आणि नवं शहर वसवणाऱ्या कचेरीत नकाशे ट्रेस करायचो. खाली जुन्या गावांचा नकाशा, वर पातळ कागद, आणि त्या कागदावर सेक्टर. अशा कामातून माणसाला अद्भुत सुचलं नाही तरच नवल. मी समुद्राखालच्या राज्याची गोष्ट लिहिली. त्यात नीलध्वज नावाचा राजपुत्र होता, सात दारं होती, आणि शेवटी नीलध्वज हात वर करून मंत्र म्हणतो, समुद्राकडचं दार उघडतो आणि भरतीबरोबर माशांची सेना आत येते. लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता.

सगुणाच्या अंगावर तो आलेला नव्हता. तिने लिहिलं होतं :

'तुमचा नीलध्वज येडा आहे का? उधाणाच्या भरतीला कोणी दार उघडतं का? आमच्या बांधाला असं दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ते ओहोटीला उघडायचं, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीला उघडलं तर खारं पाणी आत येतं आणि तीन वर्षं भात होत नाही. तुमच्या राज्यातले लोक पुढे काय खाणार?'

ही चूक नंबर एक. पुढे काय खाणार, याचा मी विचार केला नव्हता. अद्भुतकथेत लोक जेवत नाहीत असा माझा समज होता.

प्रकाशकाला दुसरा भाग हवा होता आणि माझ्याकडे नीलध्वजाच्या पांढऱ्या घोड्यापलीकडे काही नव्हतं. (समुद्राखाली घोडा, चूक नंबर चार.) तेव्हा एका रविवारी मी नेरूळच्या पलीकडे तिच्या गावी गेलो. सगुणा बांधावर भेटली. दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत चिखल.

"तुमीच का ते?"

"हो, मीच."

"मना वाटलं, म्हातारे असाल."

"का?"

"पुस्तक तसं हाय ना."

तिने मला उघाडी दाखवली. बांधाच्या पोटातलं जाड लाकडी दार. ते मला उचलायला लावलं, आणि दोनदा सरकेना तेव्हा म्हणाली, "जोर लावा काका. हात वर करून मंत्र म्हटलात तं दिवसभर बसाल हितंच."

दार उघडलं, पाणी धावत खाडीकडे गेलं. ती ते बघत म्हणाली, "तुमच्या दुसऱ्या भागात असं करा. दार उघडनाऱ्यानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. नाय सांगितलं तं दर्या वलखत नाय, आनि आत आलेलं पानी माघारी फिरत नाय."

"असं म्हणतात तुमच्या गावात?"

"गावात कोन म्हनतं? मी म्हनते."

हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे मला त्याचा विसर पडणार आहे.

तिथे मी एक गोष्ट केली नाही. आम्ही उभे होतो त्या बांधावर माझ्या नकाशात 'प्रस्तावित उद्यान' होतं. अक्षरं मीच काढली होती. ते मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, ते कचेरीचं काम, हे साहित्य.

"लिहून पाठव," एवढं मात्र म्हणालो.

डिसेंबरात जाड पाकीट आलं. वहीची एकोणीस पानं. त्यात दारावर राहणारी एक मुलगी होती, राज्यातले सगळे आपलं नाव विसरलेले होते, आणि दर ओहोटीला ती एकेकाला दारापाशी आणून विचारायची, 'तुझं नाव काय?' मी ते कचेरीत डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत नेला.

ती पानं माझ्या दुसऱ्या भागाचं सातवं, आठवं आणि नववं प्रकरण झाली. मी व्याकरण सुधारलं आणि राजपुत्राला मागच्या रांगेत उभं केलं. दाराची कडी तिने लाकडाची लिहिली होती, ती मी लोखंडाची केली. पुस्तकातला तेवढा भाग माझा.

तिने नाव मागितलं नव्हतं. हे मी बायकोला, सुचित्राला, प्रुफं तपासताना सांगितलं, तिने काही विचारलेलं नसताना.

"बरं," सुचित्रा म्हणाली. मग ऋणनिर्देशाचं पान वाचून म्हणाली, "यात माझं नाव आहे. मी काय केलं?"

"साथ दिलीस."

"आणि तुमच्या हेडक्लार्कनी?"

"रजा दिली."

"आणि त्या पोरीनं?"

"तिने नाव मागितलं नव्हतं," मी म्हणालो. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त खरं वाटलं.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीला पुस्तक आलं आणि लोक भेटले की एकच वाक्य बोलू लागले : 'दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस.' लेखकाला याहून चांगलं वाक्य ऐकायला मिळत नाही. मला ते बसस्टॉपवर, कचेरीत, दूधकेंद्राच्या रांगेत ऐकायला मिळालं, आणि दर वेळी कोणीतरी माझ्या पिशवीतली चोरीची वस्तू उचलून 'वा, सुंदर आहे हो' म्हणतंय असं वाटलं. प्रकाशक दिनानाथराव म्हणाले, "टिपणीस, पहिल्या भागात तुम्ही लिहीत होतात. दुसऱ्यात तुम्ही वाढलात." मी नम्रपणे मान खाली घातली. मान खाली घालायची सोय आपल्या संस्कृतीत फार चांगली आहे. माणूस नम्र आहे की तोंड लपवतोय, ते वरून कळत नाही.

जानेवारीत सगुणाचं कार्ड आलं. ती आता दहावीत होती.

'बाईंनी वर्गात सातवं प्रकरण वाचून दाखवलं. मी सांगितलं की हे माझं आहे. बाई म्हणाल्या खोटं बोलू नये आणि आठवडाभर मला मराठीच्या तासाला उभं केलं. मुलं मला लेखिका म्हणून चिडवतात. रविवारी वाशीला तुमचा सत्कार आहे. बाई आम्हा पाच मुलींना घेऊन येणार आहेत. तुम्ही फक्त एकदा सांगा.'

मी सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं : 'सातवं, आठवं आणि नववं प्रकरण सगुणाने लिहिलं आहे, ती इथे बसली आहे.' आरशासमोर ते मला दोनदा जमलं.

हॉल भरला होता. तिसऱ्या रांगेत इस्त्रीच्या गणवेशातल्या पाच मुली, शेवटी सगुणा, आणि तिच्या शेजारी सरोजिनीबाई, तिच्या मराठीच्या शिक्षिका. अध्यक्षांनी सातव्या प्रकरणातला उतारा वाचला. टाळ्या झाल्या. माझ्या गळ्यात हार पडला. हार घातलेल्या माणसाचा आवाज बदलतो, हे मला त्या दिवशी समजलं.

मी म्हणालो, "मित्रहो, आज मला एक कबुली द्यायची आहे. हे पुस्तक माझं नाही."

सगुणा ताठ बसली. पुढचा शब्द 'सगुणा' हा होता. तो तोंडात आला, आणि मी त्याच्या जागी दुसरा ठेवला.

"हे पुस्तक खाडीकाठच्या लोकांचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी सांगितलेलं मी फक्त लिहून घेतलं."

काय टाळ्या पडल्या! अध्यक्षांनी चष्मा पुसला. सगुणाने मागे वळून पाहिलं, ते लोक कुठे बसलेत ते बघायला बहुतेक. सरोजिनीबाई तिच्या कानाशी वाकल्या. मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं : 'ऐकलंस ना?'

चहा-वड्याच्या वेळी मी तिला शोधलं. पाच मुली गेल्या होत्या.

घरी जाताना सुचित्रा हार हातात घेऊन चालत होती. "लोक किती होते?"

"हॉल भरला होता की."

"हॉलमधले नाही विचारत. एकोणीस पानं लिहिणारे."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'लेखकाचा दुर्मीळ विनय' असा मथळा होता. त्या मथळ्यानंतर मला तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सुचित्राकडे सगुणाचं ते डिसेंबरातलं पाकीट मागितलं. मी ते जाळलं नव्हतं, पण यात माझा काही सद्गुण नाही. ते तिच्या कपाटात होतं आणि किल्ली तिच्या कमरेला.

शाळेत सरोजिनीबाई आनंदाने उभ्या राहिल्या. "टिपणीससाहेब! त्या मुलीसाठी आलात? किती मोठं मन तुमचं. पण लेकरांना खोट्याची सवय—"

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी आधी अक्षर पाहिलं. मग पोस्टाचा शिक्का पाहिला : बावीस डिसेंबर एकोणीसशे ऐंशी. पुस्तकाच्या दहा महिने आधीचा. मग त्या खुर्चीत बसून बराच वेळ वाचत राहिल्या.

"मी या मुलीला आठवडाभर उभं केलं," त्या म्हणाल्या. 'साहेब' गेलं होतं. "चला वर्गात."

"बाई, मी तुम्हाला सांगितलं. आता तुम्ही त्यांना—"

"मी उभं केलं ते वर्गासमोर. चला."

वर्गात बेचाळीस मुलं होती. सगुणा शेवटच्या बाकावर. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वहीत मान घातली.

"हे टिपणीस," बाई म्हणाल्या. "सगुणाने यांना तेरा महिन्यांपूर्वी पत्र लिहिलं होतं. ते आता हे वाचून दाखवणार आहेत. सुरुवातीपासून."

सुरुवातीला माझ्या पहिल्या पुस्तकाचा पुन्हा एकदा समाचार होता. नीलध्वजाच्या घोड्याला समुद्राखाली चारा कोण घालतं, हे वाचताना वर्ग फुटला. पहिल्या बाकावरचा एक पोरगा बाकावर डोकं आपटून हसला. मी वाचत राहिलो. मग दारावरची मुलगी आली, आणि हसणं थांबलं. बाईंनी महिन्यापूर्वी वाचलेलं प्रकरण आता वहीच्या पानांवरून परत येत होतं, लाकडी कडीसकट. मुलं एकेक करून मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघू लागली.

एकोणीस पानं संपली. मी घडी घातली.

"काका." सगुणा उभी होती. या वेळी तिला कोणी उभं केलं नव्हतं. "शेवटची ओळ राहिली."

"आहे?"

"हाय. खाली, कोपऱ्यात."

मला बघायची गरज नव्हती. ती ओळ डबा तसाच परत नेला त्या दिवसापासून मला पाठ होती. बायकोला दोनदा जे सांगितलं, ते मी त्या ओळीवर अंगठा ठेवून सांगितलं होतं. मी घडी उलगडली.

"'हे छापलंत,'" मी वाचलं, "'तर खाली माझं पूर्ण नाव टाका. सगुणा पंढरी मढवी.'"

सगुणा उभीच होती.

"मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं, मोठ्याने.