पोत्यामागं एक किलो

मित्रांनो, गेनूतात्यांच्या घरी गोरखचं बारसं झालं, त्याच साली मी या घरात आलो. साल होतं एकोणीसशे शहाण्णव. मी एक जुना वजनकाटा आहे. पोतं ठेवायला खाली लोखंडी पाट, वर एक आडवी दांडी आणि दांडीवर मागंपुढं सरकणारं पितळी वजन, एवढाच माझा देह. तात्यांनी मला भोरच्या बाजारातून घेतलं आणि एसटीच्या टपावर टाकून वेल्ह्याच्या पुढं, आमच्या वाडीवर आणलं.

बारशाच्या दिवशी पडवीत मला धुऊनपुसून ठेवलं होतं. बाया पाळण्यापाशी जमल्या होत्या. गोरखच्या आईनं, सखूबाईंनी, बाळाला दुपट्यासकट उचललं आणि सरळ माझ्या पाटावर ठेवलं.

"अगं, भात मोजायच्या आधी प्वार मोजतीस व्हय?" तात्या म्हणाले.

"मोजते की. ह्येच आपलं पयलं पीक."

तात्यांनी वजन सरकवलं. दांडी सव्वातीन किलोवर आडवी झाली. आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. तात्या बाळाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "लाभ!" बाया हसल्या. बाळ रडलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं वजन ते.

त्या हंगामात मी घरचा सगळा भात तोलला. तांदूळ पानशेतकडं विकायला जायचा, थोडा वाडीतच खपायचा. महिन्याभरानं शेजारच्या साळूबाई पोतं डोक्यावर घेऊन परत आल्या आणि त्यांनी ते अंगणात आदळलं.

"गेनूदादा, तुजा काटा पोत्यामागं किलू खातूया बग. दुसऱ्या काट्यावर मोजून आले म्या."

मी काही खात नव्हतो. नवा तांदूळ ओलसर असतो. तो वाळतो तसा हलका होतो, आणि पन्नास किलोचं पोतं महिन्याभरात एकोणपन्नासाला येतं. हे साळूबाईंनाही ठाऊक होतं आणि तात्यांनाही. पण तात्यांच्या मनाला तो शब्द लागला. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आडवं केलं. माझ्या पितळी वजनाच्या पोटात खालून एक भोक आहे. मासे धरायच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या असतात, त्यातल्या काही त्यांनी त्या भोकात दडपल्या आणि वरून मेण लावून बुजवलं.

तेव्हापासून मी पन्नास दाखवले की पाटावर एक्कावन्न असत. पोत्यामागं एक किलो घेणाऱ्याचा. तांदूळ वाळला तरी घेणाऱ्याच्या घरी पन्नास भरणारच. वजनमापाचे साहेब वर्षाला शिक्का मारायला यायचे, त्या दिवशी तात्या गोळ्या काढून ठेवायचे आणि साहेबांची पाठ वळली की परत घालायचे. बाकीचे दुकानदार मापात चोरून घ्यायचे, आमचे तात्या मापात चोरून द्यायचे. वाडीत म्हण पडली, की गेनूच्या काट्यावर डोळं मिटून माल घ्यावा. मला त्या म्हणीचा फार अभिमान होता, मित्रांनो. खोटं कशाला सांगू?

पुढं बॅटरीवरचे काटे आले. तांदूळ किलोकिलोच्या पिशव्यांत जायला लागला. माझी रवानगी गोठ्यात झाली. माझ्या दांडीवर कोंबड्या बसायच्या. शिक्का मारायला कुणी येईना, त्यामुळं गोळ्याही कुणी काढल्या नाहीत. पोटातलं शिसं पोटातच राहिलं. वर्षं गेली, तसं ते तात्याही विसरले.

गोरख वाढला तो मी गोठ्यातूनच पाहिला. कॉलेजला भोरला गेला तेव्हा तिथं धनाजी वस्तादांनी त्याला बॉक्सिंगला लावलं. वाडीतले लोक चेष्टा करायचे, "कुस्ती सोडून ही कसली गुद्दागुद्दी रं?" पण पोराचे हात पाखरासारखे चालायचे. दिवसा तो कापूरहोळला टेम्पोवर असायचा, सकाळ-संध्याकाळ सराव करायचा. पुढं तो व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. त्याचं लग्न झालं, सुलक्षणा घरात आली. सहा लढती तो खेळला, पाच जिंकला, तरी टेम्पो काही सुटला नाही.

मग दोन हजार तेवीस साली त्याची टीव्हीवरच्या एका स्पर्धेत निवड झाली. 'शेवटची घंटा' असं तिचं नाव. सोळा व्यावसायिक मुष्टियोद्धे मुंबईत एका घरात ठेवायचे, घरभर कॅमेरे लावायचे आणि दर आठवड्याला लढती लावायच्या. हरेल त्यानं बॅग भरून सगळ्यांसमोर घर सोडायचं. जो शेवटी उरेल त्याला तीन वर्षं परदेशी लढती आणि तिथलाच वस्ताद. गोरखला एवढंच पाहिजे होतं. टेम्पोची किल्ली मालकाच्या हातावर ठेवून मोकळं व्हायचं होतं.

प्रत्येक लढतीच्या आदल्या दिवशी वजन व्हायचं. साडेत्रेसष्ट किलोच्या वर काटा गेला की उतरवायला दोन तास मिळत. तेवढ्यात उतरलं नाही, की बाद.

दिवाळीच्या तोंडावर सोळातले दोघंच उरले आणि त्यात आमचा गोरख होता. अंतिम लढत दहा डिसेंबरला ठरली. मधल्या दिवसांत दोघांना आपापल्या गावी पाठवलं, कारण टीव्हीवाल्यांना त्यांचं घरदार दाखवायचं होतं. गाडी भरून माणसं वाडीवर आली. त्यांच्यात नूतन नावाची मुलगी होती. काय दाखवायचं नि काय नाही ते तीच ठरवायची. तिनं चूल पाहिली, भाताची खाचरं पाहिली, पण तिचं समाधान होईना. मग ती गोठ्यात आली.

"काका, हे काय आहे?"

"काटा हाय. जुना. गोरखला बारशाला ह्येच्यावरच तोलला व्हता."

नूतनचे डोळे चमकले. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! याला बाहेर काढा."

मला अंगणात आणलं, धुतलं, तेल दिलं. गोरख उघड्या अंगानं पाटावर उभा राहिला. सत्तावीस वर्षांनी मी त्याला पुन्हा पेललं. तात्यांनी वजन सरकवलं आणि कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "लाभ!" नूतननं टाळ्या वाजवल्या.

"गोरख, आता रोज सकाळी याच काट्यावर वजन करायचं. व्हिडिओ काढून मला पाठवायचा. वजनाच्या दिवशीही थेट इथूनच निघायचं. लोकांना फार आवडेल हे."

मित्रांनो, त्या दिवशी मी फुशारून गेलो. गोठ्यातल्या कोंबड्यांच्या घाणीतून मी थेट टीव्हीवर गेलो होतो. पोटातलं शिसं मला जाणवत होतं. पण काट्याला तोंड नसतं. आणि खरं विचाराल तर त्या कौतुकात ते शिसं मला खोट वाटतच नव्हतं.

रोज सकाळी गोरख वाडीच्या खिंडीपर्यंत पळून यायचा आणि माझ्यावर उभा राहायचा. सुलक्षणा मोबाईल धरायची. दिवाळीत घरात करंज्या झाल्या, चकल्या झाल्या. गोरख डब्याकडं बघायचासुद्धा नाही.

"एक करंजी तरी खा रं," सखूबाई म्हणायच्या. "सणाचं त्वांड वाळवून बसलाय."

"आये, मला नगं सांगू. काट्याला इचार."

एके दिवशी सुलक्षणा त्याच्याबरोबर भोरला गेली. औषधाच्या दुकानात वजनाचं यंत्र होतं. संध्याकाळी आल्यावर ती तात्यांना म्हणाली, "मामा, तितला काटा सव्वा किलू जास्ती सांगतूय ह्यांचं. सकाळी आपल्यावर केलंतं न् दुपारी तितं. आपला काटा एकडाव तपासून घ्यायला पायजे."

तात्या पायरीवर बसले होते. त्यांनी मान वर केली. "सुले, त्या मिशनीला कोन हितली, कोन तितली, समदी गिऱ्हाइकं लाथा घालत्यात. ह्या काट्यावर आख्ख्या खोऱ्यानं डोळं मिटून माल घेतलाय."

"तसं न्हवं मामा..."

"आगं, दुपारी जेवून गेला आसंल त्यो. कापडं आसत्याल, बूट आसत्याल."

"बूट काडलं व्हतं," ती हळूच म्हणाली.

गोरख हसला. "सुले, तू तात्याच्या काट्याला खोटं पाडाया निगालीस? वाडीतनं घालवत्याल तुला."

सगळे हसले आणि तो विषय तिथंच संपला. तात्या काही खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ते शिसं म्हणजे खोट नव्हतीच, तो त्यांच्या हातचा खरेपणा होता. कित्येक वर्षांपूर्वी मेणाखाली बुजवलेल्या गोळ्या त्यांना आठवल्या नाहीत. तांदळाला द्यायचा किलो आपण आपल्या पोराच्या अंगावर चढवतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

निघायच्या चार दिवस आधी मी त्रेसष्ट दाखवले. गोरख पाटावरून उडीच मारून उतरला.

"आये, अर्धा किलू खाली हाय! वाढ भात!"

सखूबाईंनी नव्या तांदळाचा भात आणि दूध वाढलं. किती दिवसांनी पोराला पोटभर जेवताना बघत होत्या. त्या भाताच्या प्रत्येक घासाला मी होकार दिला होता.

नऊ डिसेंबरला सकाळी मी बरोबर साडेत्रेसष्ट दाखवले. सुलक्षणानं व्हिडिओ काढला. साळूबाईंनी, आता त्या फार म्हाताऱ्या झाल्यात, गोरखची दृष्ट काढली. मलाही हळदकुंकू लागलं. गाडी गेली.

दुपारी दोनच्या सुमाराला सुलक्षणाचा फोन वाजला. पलीकडं धनाजी वस्ताद होते.

"सव्वा किलू वर गेलाय," ते म्हणाले. "दोन तासांत उतरवायचाय. पाणी बंद केलंय. गाडीच्या काचा लावून, हीटर लावून आत बसवलाय, वर प्लास्टिकचा कोट."

तात्या माझ्याजवळच उभे होते. 'सव्वा किलू' हे शब्द ऐकले आणि ते खाली बसले. त्यांचा हात माझ्या पितळी वजनाखाली गेला. बोटांना मेण लागलं. त्यांनी नखानं मेण उकरलं. शिशाची एक गोळी त्यांच्या तळहातावर पडली, मग दुसरी, मग तिसरी.

त्या गोळ्यांकडं बघता बघता त्यांचा चेहरा कसा झाला, ते मला सांगता येत नाही. तांदूळ कसा वाळतो ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, मित्रांनो. तो सावकाश, महिन्याभरात वाळतो, म्हणून फुटत नाही. जिवंत माणूस दोन तासांत वाळवायला घातला होता.

चारला परत फोन आला. वजन उतरलं होतं. तात्यांनी फोन कानाला लावला. "गोरख, चूक माजी हाय, लेका. काट्यात शिसं व्हतं. म्याच घातल्यालं. खेळू नगं. माज्या शब्दाखातर खेळू नगं."

पलीकडून गोरखचा आवाज आला, कोरड्या पानासारखा. "तात्या, सोळांतनं दोघं ऱ्हायलोय. आता मागं फिरू? वजन बसलंय. पानी पिलं की झालं."

"तुजा आवाज आसा का येतूय?"

"जीब सुकलीया. उद्याच्याला टीवी लावा. अन् तात्या, काट्याला शिव्या देऊ नगा. त्यो आपलाच हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर टीव्ही लावला. वाडीतल्या पोरांनी मलाही उचलून तिथं नेलं आणि झेंडूची माळ घातली. लढतीआधी टीव्हीवर मी दिसलो तेव्हा सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या. तात्या तेवढे मान खाली घालून बसले होते.

पहिल्या तीन फेऱ्यांत गोरखनं समोरच्याला उभं राहू दिलं नाही. चौथ्या फेरीपासून त्याचे हात खाली यायला लागले. गुद्द्यांचं वजन टीव्हीतून मला कळत नव्हतं, पण पाय कसे पडताहेत ते दिसत होतं. मी त्याला रोज तोललं होतं. ते पाय त्याचे नव्हते. सहाव्या फेरीत डोक्यावर दोन गुद्दे बसले आणि तो गुडघ्यावर आला. उठला. सखूबाई पदर तोंडात धरून म्हणाल्या, "बस की रं खाली, बस." तो बसला नाही. आठही फेऱ्या उभा राहिला. गुणांवर हरला. त्यानं जिंकणाऱ्याचा हात वर केला आणि कॅमेऱ्याकडं बघून हसला. मग जाहिराती लागल्या.

जाहिराती चालू असतानाच तो आतल्या खोलीत कोसळला होता. डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टर धनाजी वस्तादांना म्हणाले, की अंगातलं पाणी असं काढल्यावर मेंदूला मार सोसत नाही.

पुढं महिन्याभरानं नूतन एकदा वाडीवर आली. तिचे डोळे सुजलेले होते. गोरखवर एक खास भाग करायचा होता आणि त्यासाठी तिला मी हवा होतो. तात्या तिला वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, ह्यो हितंच ऱ्हाऊ दे. ह्येचं न् माजं अजून बोलनं संपलं न्हाई."

आता मी पडवीत असतो. पोटात शिसं नाही. माझ्यावर काही तोलत नाहीत. तात्या रोज सकाळी येतात, रिकामा पाट पुसतात, वजन शून्यावर आणतात आणि दांडी आडवी होईपर्यंत बघत बसतात. 'लाभ' आता म्हणत नाहीत.

मित्रांनो, मी तुमच्याकडं एकच मागतो. पोत्याच्या काट्यावर माणूस तोलू नका. घरातली जुनी वस्तू कितीही भरवशाची असली, तरी ती कोणत्या कामासाठी केली होती ते विसरू नका. आणि घरातली सून 'एकदा तपासून घ्या' म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नका. तपासायला फार वेळ लागत नाही. मेणावर नख लावायचं असतं.

गोरख मंगळवारी, बारा डिसेंबर दोन हजार तेवीस रोजी, दुपारी मुंबईच्या इस्पितळात वारला. तो सत्तावीस वर्षांचा होता.