ऐंशी दिवस

आभाने पेनचं टोपण काढलं. गोदावरीबाईंनी पेन तिच्या हातातून घेतलं, टोपण परत लावलं आणि ते कागदांच्या गठ्ठ्यावर आडवं ठेवून दिलं.

"चहा घे आधी. सही काय पळून चाललीये?"

"चहा घेते काकू. पण सही आजच हवी."

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी घटस्थापना आहे. सकाळी देवापुढे कागद ठेवू, कुंकू लावू, मग पन्नास सह्या घे. पितृपक्षात नाही."

जिची सही हवी होती ती मोहिनी, त्यांची सून, टेबलापलीकडे बसून लॅपटॉपच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसत होती. धूळ नव्हतीच.

आभाने श्वास सोडला. गेले तीन दिवस ती हेच ऐकत होती, पण फोनवर. डेन्मार्कच्या एका कंपनीला मोहिनी आता कायमच्या नोकरीत हवी होती. भारतात त्यांचं ऑफिस नव्हतं, म्हणून मोहिनी कागदोपत्री आभाच्या गंगापूर रोडवरच्या ऑफिसची नोकर होणार, पगार, कर, प्रॉव्हिडंट फंड सगळं इथून, आणि काम मात्र तिकडचं. असे चाळीस जण आभाने आजवर रुजू करून घेतले होते. त्यांनी संगणकावर पाच मिनिटांत सह्या केल्या होत्या. मोहिनीने केली नाही. तिकडच्या हेन्रिकने विचारलं, का? आभाने कळवलं, पितरांचा पंधरवडा आहे. हेन्रिकने लगेच उत्तर पाठवलं: ही सरकारी सुट्टी आहे का? असेल तर तुमच्या सुट्ट्यांच्या यादीत का नाही? नसेल तर सही का नाही? शेवटी यादव सर, म्हणजे ऑफिसचे मालक, म्हणाले, "कागद छापून घे आणि पंचवटीत जाऊन ये. समोर बसलं की करतात लोक."

समोर बसून वीस मिनिटं झाली होती. घरी आठ महिन्यांची लेक सासूबाईंजवळ होती आणि एकपर्यंत पोचलं नाही तर ती वरचं दूध थुंकून टाकणार होती. दूध दाटून आभाच्या छातीत कळ येऊ लागली होती. तिने ओढणी पुढे घेतली.

"मोहिनी, तू तरी बोल."

"आईंना पटलं तर माझं काही नाही." मोहिनी उठली. "मी साखर आणते."

ती उठली तेव्हा आभाला दिसलं. व्हिडिओ कॉलवर मोहिनी फक्त खांद्यांपर्यंत दिसायची.

"कितवा?"

"सहावा लागलाय." मोहिनी तिथेच थांबली. "हेन्रिकला माहीत नाही. कळलं तर रुजू करून घेणं पुढे ढकलतील. तू सांगणार?"

"ते विचारू शकत नाहीत, आणि मी कशाला सांगू? तारीख कुठली दिलीय?"

"पाच जानेवारी."

"म्हणून तर म्हणते मी," गोदावरीबाई म्हणाल्या, "पोटुशी बाई, आणि नव्या नोकरीचा श्रीगणेशा पितृपक्षात? तुझ्या घरी चालेल?"

आभाने मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. शनिवार-रविवार सोडून एकेक आठवडा ती बोटाने पुढे सरकवू लागली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"काकू, बसा जरा. बाळंतपणाची भरपगारी रजा असते, सव्वीस आठवडे. मला मिळाली. पण ती मिळायला बाळंतपणाच्या तारखेआधी त्या नोकरीत ऐंशी दिवस काम झालेलं लागतं. मोहिनी आज रुजू झाली तर त्र्याऐंशी होतात. घटस्थापनेला झाली तर पंच्याहत्तर."

"पाच दिवसांनी काय होतंय? सांग की तुझ्या साहेबांना."

"माझ्या साहेबांच्या हातात नाही हो ते!" आवाज चढला तसा आभाने तो खाली आणला. "कायदा आहे. पाच दिवसांसाठी सहा महिन्यांचा पगार जाईल. किंवा ही दहाव्या दिवशी बाळ तुमच्याकडे टाकून कॉलवर बसेल."

गोदावरीबाईंनी कपबशी खाली ठेवली. सुनेकडे पाहिलं. मोहिनीने मान फिरवली. तिने हे आधीच मोजलेलं होतं, हे आभाला तेव्हा कळलं. मोजलं होतं आणि घरात बोलली नव्हती.

"सगळं खरं," गोदावरीबाई हळू म्हणाल्या, "पण उद्या काही कमीजास्त झालं तर मी मलाच माफ करणार नाही."

असल्या भीतीचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

दार लोटून दिवाकर गुरुजी आत आले. मोहिनीचे सासरे. रामकुंडावर सकाळपासून पाच यजमान झाले होते, सहावे घाटावर बसवून ते दर्भ न्यायला आले होते. धोतराचा काठ ओला होता.

"कोण आलंय? सोवळ्यात आहे, लांबूनच बोलतो."

"मोहिनीच्या ऑफिसातली आहे," गोदावरीबाई म्हणाल्या. "आजच सही कर म्हणत्ये. तुम्हीच सांगा, या पंधरवड्यात नवं काम सुरू करतात का?"

"नाही करत." गुरुजी कोनाड्यातून दर्भाची जुडी काढू लागले. "कसलं काम?"

"तेच बाबा, डेन्मार्कचं," मोहिनी म्हणाली.

"तीन वर्षं करत्येस ते?"

"हो."

"मग नवं काय त्यात? जुनंच काम आहे. कागद तेवढा नवा."

"तुमचं आपलं काहीतरी," गोदावरीबाई म्हणाल्या. "शास्त्र म्हणजे काय रबर आहे?"

"अगं, माझा तर सगळा धंदाच या पंधरवड्यातला. मी घरी बसू?"

"तुमचं वेगळं. तुमचं ते कामच आहे."

"हिचंही कामच आहे."

गोदावरीबाईंनी पेन उचललं, टोपण स्वतः काढलं आणि सुनेसमोर धरलं.

मोहिनी भराभर सह्या करत गेली. नेमणूकपत्र. फंडाचं नामनिर्देशन. बँकेचा तपशील. आभा पानं सरकवत होती. शेवटचं पानही तिने सवयीने सरकवलं. चाळीस जणांना हेच पान संगणकावर पाठवलं होतं. त्यावर लिहिलं होतं: आजवर मी या कंपनीसाठी स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम केले असून, मागील कामाबद्दल माझा कोणताही हक्क नाही.

मोहिनीने पेन टेकवलं, तेवढ्यात आभाने पानावर हात ठेवला.

"हे राहू दे."

"का? काय आहे?"

"यात लिहिलंय की गेली तीन वर्षं तू त्यांची कुणी नव्हतीस."

मोहिनी हसली. "रोज साडेबाराला हजेरी द्यायचे मी. आजीच्या तेराव्याची सुट्टीसुद्धा हेन्रिकला विचारून घेतली होती."

"म्हणून म्हणते. यावर सही केलीस तर दिवस आजपासून मोजतील. तीनच जास्तीचे आहेत, एकदा ताप आला की संपले. नाही केलीस तर तुला म्हणता येईल की मोजा तीन वर्षांपासून. भांडावं लागेल कदाचित. पण म्हणता येईल."

गोदावरीबाई दोघींकडे आळीपाळीने पाहत होत्या.

फोन वाजला. यादव सर. त्यांचा आवाज बाहेरही ऐकू यायचा.

"झालं का बाई एकदाचं?"

"झालं सर. रुजू तारीख आजची."

"सगळी पानं?"

"एक सोडून. ते मागच्या हक्काचं."

"अहो, तेच तर मुख्य आहे त्यांना! ते का नाही?"

आभाने तोंड उघडलं. काय सांगायचं ते तिने ठरवलंच नव्हतं. खरं सांगितलं तर उद्या तिचंच टेबल दुसऱ्याला मिळालं असतं.

"सर, ते... घरचे म्हणतात, हक्क सोडायचा कागद पितृपक्षात करत नाहीत."

"असं असतं?"

आभाने गोदावरीबाईंकडे पाहिलं.

"असतं म्हणावं," गोदावरीबाई मोठ्याने, फोनपर्यंत पोचेल अशा बेताने म्हणाल्या. "आणि घरच्या सुनेने तर वर्षभर करायचा नसतो."

गुरुजींनी दर्भाची जुडी बांधता बांधता बायकोकडे पाहिलं. आयुष्यभराच्या पौरोहित्यात असा नियम त्यांच्या कानावर आला नव्हता. त्यांनी गाठ मारली, जुडी पिशवीत घातली आणि उंबऱ्याबाहेर चपला शोधू लागले.